दुसरा ग्लास कशाचा?

परवा मित्राने विचारलं, "एवढ्या बिअरी पिऊन झाल्या तुझ्या, त्यातली चांगली कुठली?" मी सात-आठ नावं फेकली. तो म्हणाला, "नावं राहू दे. दुसरा ग्लास कशाचा मागवतोस ते सांग." आणि माझी बोबडी वळली. पहिला ग्लास हौसेचा असतो, त्याचा फोटो निघतो. दुसऱ्याच्या वेळी खरं काय ते कळतं.

माझी सुरुवात पुण्यातलीच. २००९ मध्ये कोरिंथियन्स हॉटेलात डूलाली हा स्वतः बिअर बनवणारा पब सुरू झाला, तिथे पहिल्यांदा गव्हाची बिअर समोर आली. ती गढूळ होती. मी वेटरला म्हणालो, "अहो, ही गाळायची राहिलीय." तो बिचारा हसला नाही, हे त्याचे उपकार.

डूलाली म्हणजे आपलं नाशिकजवळचं देवळाली, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. नोकरी संपलेले गोरे सैनिक तिथल्या छावणीत परतीच्या बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून राहायचे. काम नाही, ऊन रणरणतंय, त्यात मलेरिया. डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. टॅप म्हणजे आपला ताप. बिअरच्या नळालाही टॅपच म्हणतात, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला शंभर पैकी शंभर.

तर लिहा. काय पिता, कुठे, बरोबर काय खाता, आणि दुसरा ग्लास कशाचा. किती प्यायलात ते लिहू नका, त्यात कुणाला रस नाही. आलेली उत्तरं खाली, गावाच्या नावाने.

डोंबिवली पूर्व

मी पहिली क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यातली, घेतली ती लोअर परळला, ऑफिसच्या पार्टीत. गेटवेची व्हाइट झेन. वेटर म्हणाला, "सर, लोकल आहे." म्हटलं लोकल म्हणजे कुठली? म्हणाला, "डोंबिवली." ज्या गावाहून मी सकाळी दारात लोंबकळत आलो, तिथूनच ती पिंपात बसून आरामात आली होती. दुसरा ग्लास तिचाच घेतला, गाववाली म्हणून.

बंगळुरू (मूळ सातारा)

इंदिरानगरला टॉइट हे बिअरचं ठिकाण २०१० मध्ये उघडलं आणि मी इथे नोकरीला लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी. त्यामुळे माझ्या पगाराचा आणि टॉइटचा इतिहास एकच आहे. माझं उत्तर टॉइट वाइस, म्हणजे त्यांची हेफेवाइसन, जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर. पहिलाही तोच, दुसराही तोच.

एकदा आई आली होती. दुपारची वेळ, जेवायला म्हणून तिथे घेऊन गेलो. तिने माझा ग्लास उचलला, नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "यात केळं कुस्करलंय का रे? शिकरणाचा वास येतोय. लवंगही आहे." केळंही नसतं आणि लवंगही नसते. हा सगळा यीस्टचा कारभार. हेफेवाइसनसाठी जे खास यीस्ट वापरतात ते आंबवताना हे दोन्ही वास स्वतःच तयार करतं. चव घेण्याच्या कार्यशाळेला पैसे भरून जे शिकलो, ते आईने एका हुंगण्यात सांगितलं. चव मात्र घेतली नाही. "शिकरण करायचं तर दुधात करावं," एवढंच म्हणाली.

कोल्हापूर

भावांनो, राग मानू नका. एका ग्लासाला साडेचारशे रुपये आणि चढत तर काहीच नाही. पाच टक्के! आमच्याकडं त्या पैशात दोन स्ट्राँग आणि तांबडा-पांढरा हुतोय. पुण्याला पुतण्यानं नेलं हुतं, म्हणून सांगतो. मिसळीसंगं त्यानं मला आयपीए म्हणून एक बिअर पाजली. तिखटावर ती कडू बिअर म्हणजे जिभेवर पेट्रोल. पुतण्या म्हणला, काका, तिखटाला गव्हाची घ्यायची असती. मग आधी सांगायचं न्हाई व्हय? गव्हाची घेतली, ती मातर खरंच बरी हुती. दुसरा ग्लास गव्हाचा, लिहून घ्या. पण पैसे पुतण्याचे.

परळ, मुंबई

आम्ही नवरा-बायको महिन्यातून एकदा जातो. ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण हे सगळीकडेच होतं. ऑर्डर मीच देते, एक काळी स्टाउट आणि एक ॲपल सायडर. ट्रे येतो, काळा ग्लास त्याच्यापुढे आणि सायडर माझ्यापुढे. दर वेळी. आम्ही काही न बोलता ग्लास बदलतो. त्याला गोड आवडतं आणि मला कडू, लग्नाला अकरा वर्षं झाली, आम्हाला काही अडचण नाही. एकदा तर मी विचारलं की बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स कुठले आहेत, तर उत्तर नवऱ्याकडे बघून दिलं. त्याला हॉप्स म्हणजे फूल आहे की पान हेही माहीत नाही. (फूल.)

नवीन कुणी जाणार असेल तर आधी सँपलर मागवा, छोट्या ग्लासांची फळी येते. फिकटापासून सुरू करा आणि काळ्यावर संपवा, उलटं केलंत तर फिकट बिअरी पाण्यासारख्या लागतील. स्टाउटबरोबर शेंगदाण्याची चिक्की खाऊन बघा. भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि भाजलेला दाणा, गूळ मधे. माझा दुसरा ग्लास बहुतेक वेळा आंबट असतो. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची कोकमाची खारी बिअर मिळाली तर तीच.

कोलोन, जर्मनी

इथे दुसरा ग्लास मागवावा लागतच नाही. कोल्श ही इथली बिअर, आणि ती येते २०० मिलिलीटरच्या बारक्या उभ्या ग्लासात. वेटरला कोबेस म्हणतात. निळा अंगरखा, जिभेला हाड नाही. तुमचा ग्लास संपत आला की तो न विचारता भरलेला ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. शेवटी रेघा मोजून बिल. थांबवायचं असेल तर चकती ग्लासावर ठेवायची.

पहिल्या दिवशी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी "नो, थँक यू" म्हणत राहिलो, तो आणत राहिला. सहाव्या ग्लासाला शेजारच्या आजोबांनी माझी चकती उचलून माझ्या ग्लासावर ठेवली आणि मला एकदम लहानपणीची पंगत आठवली. जिलबीवाला आला की पानावर आडवा हात धरायचा. हात नाही धरला तर वाढणाऱ्याची चूक नाही.

बांबर्गला गेलात तर श्लेंकर्लाची धुरकट बिअर प्या. माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवलेला असतो. पहिला घोट म्हणजे भरताचं वांगं नुकतंच चुलीतून काढलंय. तिथली माणसं सांगतात, पहिल्या ग्लासावर मत बनवू नका. मी बनवलं नाही. तिसऱ्याला आवडली.

म्हापसा, गोवा

आमच्याकडे उत्तर सोपं आहे. गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी. हा एडी खरा माणूस होता, हणजुण्यात राहणारा म्हातारा हिप्पी, एका हाताला तीनच बोटं. २०१० मध्ये गेला. बिअर आयपीए आहे, कडू आहे, पण कारल्यासारखी नाही, पपनसाच्या सालीसारखी. बरोबर रेशाद मसाला भरलेला बांगडा. वर कोल्हापूरकरांनी तिखटाबरोबर आयपीए नको म्हटलंय, ते मला पटत नाही. रेशादमध्ये व्हिनेगर असतं, ते सगळं सांभाळून घेतं. मे महिन्यात मात्र हे सगळं बंद. तेव्हा उर्राक, काजूच्या बोंडांची.

लीड्स, इंग्लंड

'इंग्रज कोमट बिअर पितात' हे अर्धसत्य आहे. तळघरातल्या तापमानाची, म्हणजे साधारण ११ ते १३ अंशांची पितात. कास्क एल म्हणजे पिंपातली बिअर, ती पिंपातच आंबत असते, वरून गॅस मारत नाहीत, हातपंपाने ओढून देतात. पिंप उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवायचं. माझा दुसरा पाइंट टिमथी टेलर ब्रुअरीच्या लँडलॉर्ड एलचा, शक्यतो पावसात.

न्यू जर्सी

मी घरी बनवतो. इथे ते कायदेशीर आहे. राष्ट्राध्यक्ष कार्टर साहेबांनी १९७८ मध्ये केंद्रीय कायद्यावर सही करून वाट मोकळी केली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय करू नका, १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे.

पाच गॅलन, म्हणजे १९ लिटरची खेप. माल्टचा काढा तासभर उकळायचा, हॉप्स घालायचे, झटकन गार करायचा, यीस्ट टाकून झाकण लावायचं. झाकणातल्या नळीतून बुडबुडे यायला लागले की घर कसं भरल्यासारखं वाटतं. दोन आठवड्यांनी बाटल्या भरताना मोजून थोडी साखर घालायची, तिच्यावर यीस्ट पुन्हा काम करतं आणि बाटलीत फेस तयार होतो. 'मोजून' हा शब्द महत्त्वाचा. मी अंदाजपंचे गूळ घातला. शिवाय पहिलं आंबणं पुरतं झालेलं नव्हतं.

रात्री दोनला जिन्याखालच्या कपाटात पहिली बाटली फुटली. मग दुसरी. सासूबाई नुकत्याच आल्या होत्या, त्यांना वाटलं गोळीबार सुरू झाला. बायकोने फक्त माझ्याकडे बघितलं. मी हिवाळ्याचं जाड जाकीट, ओव्हनचे हातमोजे आणि मुलाचं सायकलचं हेल्मेट घालून उरलेल्या बाटल्या एकेक करून अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन ठेवल्या. त्या डब्यातून पहाटेपर्यंत नारळ फोडल्याचे आवाज येत होते. कपाटाला गुळाचा वास अजून येतो.

माझी शिफारस गोझे. जुनी जर्मन आंबट बिअर, गव्हाची, आणि तिच्यात चक्क धने आणि मीठ घालतात. हे वाचल्यावर कुठल्या मराठी माणसाला सोलकढी आठवणार नाही? दोन मुठी आमसुलं गरम पाण्यात भिजवली आणि आंबणं संपल्यावर ते पाणी घातलं. रंग असा आला की बघत राहावं. चव घेतली तर समुद्र. सुक्या आमसुलाला मीठ लावलेलं असतं हे विसरून मी कृतीतलं मीठही पूर्ण घातलं होतं. पुढच्या खेपेला वेगळं मीठ घातलंच नाही. दुसरा ग्लास त्या खेपेचा. सासूबाईंनीही घोटभर घेतली, "जिरं पाहिजे होतं" म्हणाल्या.

ब्रसेल्स

कांतियाँ या ब्रुअरीची लँबिक. गरम काढा माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या परातीत रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतलं जे काही येऊन पडेल त्यावर आंबवतात. फक्त थंडीच्या महिन्यांत. पहिल्या घोटाला वाटलं नासलंय. मग आठवलं, इडलीच्या पिठात तरी आपण यीस्ट कुठे घालतो? दुसरा ग्लास गझचा. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करतात.

छत्रपती संभाजीनगर

मी निवृत्त आहे. इथल्या एका मोठ्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काढली. वरचं सगळं मजेने वाचलं. दोन-चार गोष्टी सांगतो.

हिरव्या बाटलीच्या प्रेमात पडू नका. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की घाण वास तयार होतो. तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही, डब्यात तर प्रश्नच नाही. दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात उभी असलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका.

तारीख बघा. आयपीए जुनी झाली की हॉप्सचा वास आधी जातो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो.

बर्फ धरलेला ग्लास नको म्हणून सांगा. फार गार बिअरला वासच नसतो, मग एवढे पैसे कशाचे मोजता? ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर तो नीट धुतलेला नाही, बदलून मागा.

लोण्याचा वास आला तर समजा घाई केलीय. यीस्ट आधी तो वास तयार करतं आणि चार दिवस दिले तर स्वतःच खाऊन टाकतं. ते चार दिवस टाकी अडवायची कुणाची तयारी नसते. आमचं व्यवस्थापनाशी निम्मं भांडण याच चार दिवसांवरून व्हायचं.

आणि सगळ्यात अवघड बिअर म्हणजे साधी लागर, दुकानात मिळते ती नेहमीची फिकट बिअर. कोकम नाही, कॉफी नाही, धूर नाही, चूक झाकायला काहीच नाही. वरणभातासारखं आहे. नव्या जागी गेलो की मी आधी त्यांची लागर मागवतो. ती जमली असेल तर दुसरा ग्लासही तिचाच. नसेल जमली तर लिंबू सोडा घेऊन घरी येतो.

नागपूर

बेल्जियन विट बिअरमध्ये, म्हणजे गव्हाच्याच, संत्र्याची साल आन् धने टाकतात. ही बिअर जवळपास संपलीच होती, हूगार्डन गावच्या एका दूधवाल्यानं १९६६ मध्ये परत सुरू केली. संत्र्याची साल, धने! आमच्या घरी दोन्ही पडून राहतात ना बे. आन् मी ती पहिल्यांदा कुठं पेलो? पुण्यात. वरून तिथला पोरगा मलेच समजावून सांगते, सर, ऑरेंज पील. म्हटलं राजा, कोणत्या गावाले सांगून राहिला तू.

संभाजीनगरचे काका, डिसेंबरात तिकडून जाणार आहो, मुलीकडे. संत्र्याची पेटी आणतो. लागर कुठली प्यायची ते तुम्ही सांगा.