झिको कोच म्हणून ‘शून्य’? जरा हिशेब करू या

बार्देसकार:
काल इथे एकाने लिहिलं, "झिको खेळाडू म्हणून देव, कोच म्हणून शून्य. गोव्यात तीन सीझन नुसता नावावर पगार खाल्ला." खाली लाइक्सचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून ब्राझीलच्या या झिकोवर वेगळा धागा काढतोय.

शून्य असं असतं का? 2004 ला जपानला आशियाई कप मिळवून दिला, तोही बीजिंगमध्ये, फायनलला चीनला 3-1 ने त्यांच्याच घरात झोपवून. तुर्कीच्या फेनरबाचेला त्यांच्या शताब्दी वर्षात लीग जिंकून दिली. पुढच्या सीझनला सेव्हिलाला पेनल्टीवर काढून चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल. तो क्लब तिथवर आधी कधी गेलाच नव्हता. इस्तंबूलच्या लेगमध्ये चेल्सीलाही 2-1 हरवलं. उझबेकिस्तानात बुन्योदकोरबरोबर लीग आणि कप दोन्ही. आणि आपला एफसी गोवा? 2014 ला क्लब जन्मला, त्याच वर्षी सेमीफायनल, कोलकात्याकडून पेनल्टीवर हरलो. 2015 ला टेबलात टॉप. मुंबईला 7-0 धुतलं ते विसरलात वाटतं.

वांद्र्याचा_बोका:
तो ‘शून्य’वाला मीच. आणि हो, मुंबई सिटीवाला आहे. 7-0 काढल्याशिवाय गोयंकाराला घास जात नाही, हे माहीत होतंच.

आता माझा हिशेब ऐका. 2006 वर्ल्डकप, कायझर्सलाउटर्न, जपान विरुद्ध ऑस्ट्रेलिया. जपान 1-0 ने पुढे. ऑस्ट्रेलियाचा कोच हिडिंक एकामागून एक अटॅकर आत सोडतोय: केहिल, केनेडी, अलोइझी. उन्हात जपानी पोरांचे पाय भरून आलेत. आणि झिको काय करतो? 79 व्या मिनिटाला स्ट्रायकर यानागिसावाला काढून ओनोला आणतो, आणखी एक पासिंगवाला. 84 ला केहिल, 89 ला परत केहिल, मग अलोइझी. 3-1. खेळ खल्लास. ग्रुपमध्ये शेवटचा नंबर.

2009 च्या जानेवारीत सीएसकेए मॉस्को, सप्टेंबरात नारळ. लगेच ग्रीसचा ऑलिंपियाकोस, पुढच्या जानेवारीत तिथेही नारळ. इराकला क्वालिफायर चालू असताना राजीनामा. आणि 2016 ला तुमचा गोवा टेबलात तळाला. ते कोण लिहिणार?

कावासाकीची_वहिनी:
मॉस्कोत तेवढ्या महिन्यांत सुपर कप आणि रशियन कप जिंकला होता, हे गाळलंत. असो.

मी जपानात राहते. आमच्या ऑफिसातले एक साठीचे गृहस्थ काशिमा अँटलर्सवाले. फुटबॉलचं नाव काढलं की 1993 ची काशिमाची जे-लीगमधली (जपानची व्यावसायिक लीग) पहिली मॅच सुरू: नागोयाला 5-0, झिकोची हॅटट्रिक, वय चाळीस. झिको तिथे जायच्या आधी काशिमा म्हणजे कारखान्यांचं गाव होतं. क्लबही सुमितोमो मेटल्सची कंपनी टीम, तीही दुसऱ्या डिव्हिजनमधली. स्टेडियमपाशी आता त्याचा पुतळा आहे. 2018 ला टेक्निकल डायरेक्टर म्हणून परत आला आणि त्याच वर्षी क्लबने पहिल्यांदा एएफसी (आशियाई) चॅम्पियन्स लीग जिंकली. पण 2006 चं विचारलं की तेच काका चहाचा कप खाली ठेवतात आणि विषय बदलतात.

डेंपो_पाच_वेळा:
झिको, झिको काय लावलंय? आपल्या कोच अरमांदो कुलासोने गोव्याच्याच डेंपो क्लबला पाच वेळा राष्ट्रीय लीग मिळवून दिली, 2008 ला एएफसी कपच्या सेमीफायनलला नेलं. त्याच्यावर कोणी धागा काढला? गोरा माणूस आला की सगळे हार घेऊन दाबोळी विमानतळावर हजर. 2016 ला डेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या तिघा क्लबांनी आय-लीग (तेव्हाची राष्ट्रीय लीग) सोडली, कारण फेडरेशनला आयएसएल, म्हणजे तुमचा एफसी गोवा खेळतो ती नवी लीग, वर बसवायची होती. तुम्ही तेव्हा भगवी जर्सी घालून सेल्फी काढत होता.

बार्देसकार:
भगवी नाही, नारिंगी. आणि एफसी गोव्याचे सुरुवातीचे मालक कोण, बघा जरा: दत्तराज साळगावकर, श्रीनिवास डेंपो, व्हिडिओकॉन. घर मोडलं ते घरच्यांनीच ना? त्यात झिकोचा काय दोष? रोमियो फर्नांडिस, मंदार रावदेसाई यांना त्यानेच खेळवलं. रोमियो तर ब्राझीलला जाऊन आला.

डेंपो_पाच_वेळा:
दोघंही डेंपोची पोरं! रांधलेलं जेवण वाढलं म्हणून वाढप्याला आचारी म्हणायचं? आणि रोमियो ब्राझीलमध्ये बाकावरच जास्त बसला.

माझा भाचा एका क्लबच्या ज्युनियर टीमात होता, नाव घेत नाही. सीनियर टीम गुंडाळली तशी पुढची वाटच बंद. आता बोटीवर आहे, किचनात. तुझ्या आयएसएलने त्याला काय दिलं, सांग.

बार्देसकार:
एकेरीवर यायचं कारण नाही.

वांद्र्याचा_बोका:
भांडा, भांडा. माझा मुद्दा अजून जागेवरच आहे. फातोर्डा, डिसेंबर 2015, आयएसएलची फायनल, गोवा विरुद्ध चेन्नई. 87 व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, गोवा 2-1. त्यानंतर काय झालं?

बार्देसकार:
मी होतो तिथे. जोफ्रेने मारला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं. चुलतभावाने घरी फोन करून ‘जिंकलो’ सांगूनही टाकलं. मग कट्टीमणीचा स्वयंगोल, मग मेंडोझा. 3-2, कप चेन्नईला. फोन परत करायला भाऊ तयार होईना. पण गोलकीपरने चेंडू स्वतःच्या जाळ्यात घालायचा आणि शिव्या कोचने खायच्या?

वांद्र्याचा_बोका:
हो! 2-1 झाल्यावर लाइन मागे घ्यायला, वेळ काढायला, चेंडू कोपऱ्यात न्यायला कोण सांगणार, रेफ्री? 2006 ला तेच, 2015 ला तेच. खेळत होता तेव्हाही 1982 ला इटलीशी ड्रॉ पुरत होता, तरी ब्राझील पुढेच धावत राहिलं आणि पाओलो रॉसीने तीन ठोकले.

कावासाकीची_वहिनी:
त्या टीमचा कोच तेले सांताना होता. ते पापही झिकोच्याच खात्यात?

वांद्र्याचा_बोका:
बरं बाई, ते नाही. आणि इस्तंबूलसाठी ‘शून्य’ मागे घेतो. दहापैकी साडेचार. खूश? 2016 चा अर्धा कापून चार.

बार्देसकार:
उपकार झाले. तुमच्या मुंबईला 2014 आणि 2015 चे मिळून किती द्यायचे?

डेंपो_पाच_वेळा:
आय-लीगवर अजून एकानेही उत्तर दिलेलं नाही.

बार्देसकार:
त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

डेंपो_पाच_वेळा:
मागच्या महिन्यात काढला होता. तिथेही तुम्ही सगळे झिकोवरच बोलत होतात.