बऱ्या झालेल्या रुग्णाला घरचे नेत नाहीत. भावाशी पुन्हा बोलावे कसे?

प्रश्न

नमस्कार. मी एका मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून दोन वर्षांपासून काम करते. ओळख पटू नये म्हणून पुढील काही तपशील बदलले आहेत.

आमच्या कक्षात साधारण चाळिशीच्या एक बाई आहेत. निदान स्किझोफ्रेनियाचे. गेले वर्षभर त्यांना भास नाहीत, झोप व्यवस्थित आहे, त्या स्वतःच्या गोळ्या स्वतः मागून घेतात आणि स्वयंपाकघरात भाजी निवडायला मदत करतात. डॉक्टरांनी घरी सोडण्यास हरकत नाही असे लिहून अकरा महिने झाले. आईवडील हयात नाहीत आणि लग्न फार पूर्वी मोडले, त्यामुळे जवळचा म्हणावा असा एक भाऊच आहे. मी त्यांच्या गावी दोनदा गेले. पहिल्या वेळी भावाने चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्हीच ठेवून घ्या, खर्चाचं मी बघतो." दुसऱ्या वेळी दाराला कुलूप होते आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते मुद्दामच लावलेले होते.

दर शनिवारी या बाई आपले गाठोडे बांधून ठेवतात आणि मला विचारतात, "दादा कधी येणार?" मी आजवर "लवकरच" असे सांगत आले. भावाला कायद्याचा धाक दाखवावा का, की पोलिसांना सोबत घेऊन जावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त मनोविकार समाजकार्यकर्ता)

ताई, पोलिसांना सोबत नेऊ नका. पोलिसांच्या गाडीतून बहीण उतरली, तर भाऊ त्या दिवशी तिला घरात घेईल आणि महिन्याभरात ती एखाद्या बस स्थानकावर सापडेल. असे घडलेले मी पाहिले आहे.

कायद्याचे म्हणाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील कलम १९ स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. परंतु त्याच कलमात, घरच्यांनी टाकलेल्या व्यक्तीला कायदेविषयक मदत देण्याची आणि समाजात राहता येईल अशी निवासगृहे उभारण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आपण मात्र कलमाचा पहिला भाग भावाला ऐकवतो आणि दुसऱ्या भागाबद्दल आपल्याच कार्यालयात गप्प बसतो.

माझ्या अनुभवात नकाराच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादी ठोस भीती असते, आणि ती उंबरठ्यावर उभे राहून कळत नाही. वहिनींशी स्वतंत्रपणे बोला. आजार भरात असताना रात्र रात्र कोण जागले, कोणाच्या अंगावर हात उठला, त्या वेळी घरातली मुले किती वयाची होती, हे विचारा. त्यानंतर औषधांचा विषय काढा. गोळ्या तालुक्याला मिळतील की दर महिन्याला जिल्ह्याला यावे लागेल? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक त्यांच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येते? ही माहिती खिशात असल्याशिवाय तिसऱ्यांदा जाऊ नये.

आणखी एक. याच कायद्याच्या कलम ९१ खाली रुग्णाला रजेवर पाठवता येते. "कायमची न्या" म्हटल्यावर नकार देणारी माणसे "पंधरा दिवस ठेवून पाहा" म्हटल्यावर विचार करतात. हा मार्ग खुला आहे का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून पाहा.

उत्तर २ (एका रुग्णाचा भाऊ)

मी तो कुलूप लावणारा भाऊ आहे, म्हणजे तुमच्या नव्हे, दुसऱ्या एका गावचा. माझ्या बहिणीला मी तीन वर्षे आणले नाही. मुलीचे स्थळ पाहणे चालू होते, हे एक कारण होतेच आणि त्याची मला आज लाज वाटते. मात्र खरी भीती वेगळी होती. तिला पहिल्यांदा दाखल करताना आम्हाला दोन दिवस या दारातून त्या दारात फिरावे लागले होते. आता घरी आणल्यावर पुन्हा तसेच झाले तर तिला परत घेणार कोण, याचे उत्तर मला कोणीही दिले नव्हते.

शेवटी एका समाजसेविकेने ते दिले. त्या दर गुरुवारी फोन करत आणि "कधी नेता?" असे न विचारता घरच्या सगळ्यांची चौकशी करत. रात्री त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा, कोणत्या कागदासह कोठे यायचे, हे त्यांनी एका पानावर लिहून दिले. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही त्यांनीच दिला. दुसऱ्या महिन्यात बहिणीने "मी बरी झाले" म्हणून गोळ्या थांबवल्या, तेव्हा ते पान उपयोगी पडले. पहिल्या महिन्यात सगळे भेटायला येतात, दुसऱ्या महिन्यात कोणी येत नाही. तुम्ही दुसऱ्या महिन्याचे बोला.

उत्तर ३ (वकील)

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. तरीही संपूर्ण चर्चेत एक प्रश्न राहून गेला आहे. या बाईंना स्वतःला भावाकडे जायचे आहे का, हे त्यांना नीट विचारले गेले आहे का? गाठोडे बांधणे म्हणजे येथून बाहेर पडायची इच्छा, एवढाच अर्थ मी घेईन. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारी व्यक्ती, म्हणून भावालाच नेमले पाहिजे असे कायदा म्हणत नाही, त्या आपल्या विश्वासाच्या दुसऱ्या सज्ञान व्यक्तीला लेखी नेमू शकतात.

वडिलांच्या जमिनीचाही विचार करा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने देशभर मान्य झाला आहे आणि गावोगावी तो माहीत आहे, त्यामुळे नकारामागे वाटणीचीही धास्ती असू शकते. तो विषय तुम्ही काढू नका. त्यांना हवे असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळेल, कारण स्त्री म्हणून त्यांना तो अधिकार आहेच. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज यांची तयारी मात्र आतापासून करा, म्हणजे त्यांच्या हाती स्वतःचे थोडे पैसे राहतील.

आणि कृपया "लवकरच" असे सांगणे थांबवा. त्यांना खरे ऐकण्याचा हक्क आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी मी त्यांच्याजवळ बसले आणि भाऊ सध्या न्यायला तयार नाही, हे स्पष्ट सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. "मला माहीत होतं," म्हणाल्या. मग तुम्हाला कोठे जायचे आहे असे विचारल्यावर त्यांनी गावाचेच नाव घेतले, पण पुढे विचारले, "आधी बघून येते. नाही जमलं तर परत घ्याल ना?"

भावाची भीती आणि त्यांची भीती एकच असावी, असे मला प्रथमच वाटले. कलम ९१ च्या रजेबाबत उद्या डॉक्टरांशी बोलते. ग्रामीण रुग्णालयातील पथकाचा वार कळला आहे, मंगळवार. वहिनींचा फोन क्रमांक शेजाऱ्यांकडून न घेता भावाकडूनच मागून घेईन. फोन गुरुवारपासून सुरू करते.