मदत हवी आहे : मामांच्या जबड्याला मोठी सूज, संभाजीनगरला नेमकं कुठे न्यावं?

नमस्कार. माझ्या मामांना एचआयव्ही आहे. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या (टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर) ते नियमित घेतात. खालची अक्कलदाढ किडली होती, तिथून सूज हनुवटीखाली उतरली आहे. ताप आहे, तोंड जेमतेम एक बोट उघडतं, आणि आज सकाळपासून थुंकी गिळतानाही त्रास होतोय. जालन्यात एका खासगी दवाखान्यात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. आजार कळल्यावर मात्र पू काढायला नकार दिला, "मोठ्या ठिकाणी न्या" म्हणाले. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव करता येत नाही हे ठाऊक आहे, पण आत्ता भांडायला वेळ नाही. ही सूज गळ्यात उतरली तर श्वास अडकू शकतो. नुसत्या औषधावर थांबणं मला पटत नाही, पू बाहेर काढून दाढही काढावी लागेल असं वाटतं.

आम्ही तासाभरात निघतोय. संभाजीनगरला थेट घाटीच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) अपघात विभागात जावं की शासकीय दंत महाविद्यालयात? रात्री मुखशल्यचिकित्सक (तोंड-जबड्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर) कुठे भेटतील? श्वासाचं बिघडलं तर आयसीयू लागेल, म्हणून माझा कल घाटीकडे आहे. एआरटीचं पुस्तक, जुना सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) आणि व्हायरल लोडचा (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) रिपोर्ट सोबत घेतलाय. मामांना गोळ्या गिळता येत नाहीत. एआरटीचा डोस चुकू नये म्हणून काय करतात, हे इथल्या डॉक्टरांनी कृपया सांगावं. कुणी तिथे काम करत असेल तर लगेच लिहा.