पक्ष्यांच्या ग्रुपवरून काढून टाकलं, परत कसं जायचं? (तातडीचं)

परसदार
मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पक्षीनिरीक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, चारशेच्या वर माणसं. एका ओळखीच्या बाईंनी शब्द टाकला म्हणून मला घेतलं. पाचव्या दिवशी मी एक फोटो टाकला. एकच! अर्ध्या तासात फोटोही गायब आणि मीही गायब. ना फोन, ना मेसेज. लिंकवरून परत जायला बघितलं तर घेत नाही.
मी शिव्या दिल्या नाहीत, राजकारण केलं नाही, फुलाफुलांचं शुभ सकाळसुद्धा टाकलं नाही. रविवारी त्यांची फेरी आहे आणि मला जायचंय. नव्या माणसाने अशा ठिकाणी वागायचं तरी कसं आणि आता परत कसं शिरायचं, एवढंच सांगा.

कडेलोट
कसला फोटो?

लेन्सवेडा
मोबाईलवरून काढला होता का? मोठ्या ग्रुपवर मोबाईलच्या फोटोला नाकं मुरडतात, अनुभव आहे. जुनी 150-600 मिमीची लेन्स बघा, चांगल्या अवस्थेत मिळते. फक्त कोकणात असाल तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. माझ्या एका लेन्सला आतून बुरशी धरली, दुरुस्तीवाल्याने हात जोडले.

परसदार
लेन्सवेडा, मी लेन्स विचारलेली नाही.
कडेलोट, पक्ष्याचा फोटो. पक्ष्यांच्या ग्रुपवर आणखी कसला टाकणार?

आबाजी
मी अशा अकरा ग्रुपांवर आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने बोलतो. गणपतीत भजनाला नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी पेटी पुढ्यात ओढत नाही. मागे बसतो, टाळ धरतो, कोण कधी सूर देतं ते बघतो. पंधरा दिवस नुसतं वाचायचं. कोण खरा जाणकार, कोण नुसता ओरडणारा, कुठल्या विषयावर भांडण लागतं, सगळं आपोआप कळतं. आणि प्रत्येक फोटोखाली 'वा! अप्रतिम!' लिहू नये. चारशे लोकांचे फोन वाजतात. अंगठा द्यावा, विषय संपला. तुम्ही पाचव्या दिवशी बोललात, घाई झाली.

कडेलोट
आबाजी, पाचव्या दिवशी बोलला म्हणून कोणी कोणाला काढत नाही हो. काहीतरी गाळलंय यांनी.

मैनाक
ताई (ताईच ना?), 'हा कोण?' एवढंच लिहून फोटो टाकला होता का? आमच्या ग्रुपवर त्यावरून रोज वाद होतात. ओळख विचारताना तारीख, तालुका, जागा कशी होती (माळ, झाडी, पाणथळ), पक्षी काय करत होता, आवाज ऐकला का, एवढं तरी लिहावं. आणि उत्तर पटलं नाही तर 'गूगल तर वेगळंच सांगतंय' असं तोंडावर फेकू नये. समोरचा माणूस वीस वर्षं रानात फिरलेला असतो.
ग्रुपचं वर्णन वाचलं होतं का? नियम बहुधा तिथेच असतात.

परसदार
हो, ताईच. ओळख विचारायची गरजच नव्हती, पक्षी मला माहीत आहे. वर्णन वाचलं नाही, केवढं लांबलचक आहे ते! 'आणखी वाचा' दाबत बसायचं का? आत घेताना कोणी सांगितलंही नाही.

रानभूल
पक्षी कोणता आणि फोटोत तो कुठे बसलाय, हे सांगा म्हणजे झालं.

परसदार
तिबोटी खंड्या. आमच्या घरामागच्या वहाळाच्या दरडीत. चोचीत पाल धरून बिळाच्या तोंडाशी. इतकी वर्षं या घरात राहते, पहिल्यांदा आलाय. जांभळा, नारिंगी, पिवळा, जणू कोणी रंगपंचमी खेळून पाठवलाय. मला झोप लागेना म्हणून टाकला.

रानभूल
मिळालं उत्तर. घरट्याचा फोटो.
चोचीत पाल आहे म्हणजे आत पिल्लं असणार. हा पक्षी जेमतेम तेरा सेंटीमीटरचा, पाऊस सुरू झाला की कोकणात येतो आणि मऊ मातीच्या दरडीत बीळ खणून अंडी घालतो. अंडी फुटायला सतराएक दिवस, पिल्लं बाहेर पडायला पुढे वीसएक. तेवढ्या दिवसांत बिळासमोर माणूस उभा राहिला की आईबाप खाऊ घेऊन आत जात नाहीत, समोरच्या फांदीवर ताटकळतात. पिल्लं आत उपाशी. शिवाय माणसाच्या पायांनी गवत तुडवून वाट पडते आणि त्या वाटेने साप, मुंगूस सरळ बिळाशी पोचतात. म्हणून बहुतेक गट घरट्याचे फोटो घेतच नाहीत.

कडेलोट
हे शहाणपण फक्त नव्यांनाच का? फेसबुकवर याच पक्ष्याचे बिळाशी काढलेले फोटो ढिगाने सापडतील, पाठीमागचा हिरवा पडदा स्वच्छ यावा म्हणून आजूबाजूच्या फांद्या छाटून काढलेले. काढणारे सगळे नावाजलेले. त्यांना कोणी काढत नाही. घरामागे पक्षी आला म्हणून आनंदाने सांगणाऱ्या बाईला मात्र दार बंद.

रानभूल
ते चूक आहे म्हणून हे बरोबर होतं का?

कडेलोट
नाही. पण एक ओळ लिहिता आली असती. 'ताई, घरट्याचे फोटो चालत नाहीत, काढून टाका.' किती सेकंद लागतात?

रानभूल
चारशे माणसांचा ग्रुप फुकट सांभाळून बघा एकदा. रोज दहा जणांना तीच ओळ लिहायची. मी तीन वर्षं केलंय. रात्री साडेअकराला फोन यायचे, 'माझा फोटो का काढला?'

वकीलबुवा
ॲडमिनला काढावंच लागतं. ग्रुपवर काही बेकायदेशीर आलं की पहिला ॲडमिन आत जातो. आणि घरट्याला त्रास देणं गुन्हा आहेच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 2(16) वाचा. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. बंदूकच लागते असं नाही.

टेकडीवरचा
कलमाचं बरोबर, ॲडमिनचं चूक. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन निव्वळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. ते प्रकरण गोंदियाचं होतं. गेली काही वर्षं जो तो 'ॲडमिन आत जाईल' म्हणून घाबरवतो.

वकीलबुवा
ते प्रकरण वेगळ्या प्रकारच्या मजकुराचं होतं. इथे लागू होईलच असं नाही.

कडेलोट
बुवा, बाईंना ग्रुपवर परत जायचंय, उच्च न्यायालयात नाही.

टेकडीवरचा
ताई, एक विचारायचं राहिलं. फोटो नेहमीसारखा पाठवला की डॉक्युमेंट म्हणून? आणि फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असतं का?

परसदार
डॉक्युमेंट म्हणून. नेहमीसारखा पाठवला की रंग मरतात, भाच्याने शिकवलंय. लोकेशनचं माहीत नाही. कशाला?

टेकडीवरचा
फोटो नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप त्यातली आतली माहिती पुसतं. डॉक्युमेंट केलं की जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर त्या फोटोत तुमच्या वहाळाचे अक्षांश-रेखांश होते. चारशे लोकांच्या फोनमध्ये गेले.

परसदार
अक्षांश-रेखांश कशाला शोधतील, मी पिनच टाकली होती की. फोटोखाली एकाने 'लोकेशन?' विचारलं, मी टाकली.

रानभूल
अहो ताई!!! हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगायला हवं होतं.

परसदार
मला काय माहीत त्यात विशेष काय आहे ते! आमच्याकडे कोणी वाट विचारली तर त्याला फाट्यापर्यंत सोडून येतात. विचारल्यावर गप्प बसायचं, ही कुठली रीत? आणि मग विचारणारा अजून ग्रुपवर कसा? तो आहे, मी नाही. माझ्या त्या ओळखीच्या बाईंनी बघून सांगितलं.

मैनाक
हे मात्र खरंच अन्यायाचं आहे. 'लोकेशन?' विचारणाऱ्याला आधी काढायला हवं. आमच्याकडे तसाच नियम आहे: फोटोखाली तालुक्याच्या पुढे कोणी काही विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. घुबडाची बसायची झाडं तर तालुकासुद्धा नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवरसुद्धा संवेदनशील जातींची नोंद नेमकी जागा लपवून दाखवतात, वीस किलोमीटर बाय वीस किलोमीटरचा चौकोन फक्त दिसतो. शास्त्राच्या कामालाही जर तेवढं पुरतं, तर फोटो काढणाऱ्याला बांधापर्यंतचा पत्ता कशाला?

सोनसळी
विषय थोडा वेगळा, पण 'तिबोटी' म्हणजे तीन बोटी ना? होडीशी काही संबंध? आमच्या आजोळी याला वेगळंच काहीतरी म्हणतात, आता आठवत नाही.

मैनाक
होडी नाही, बोटं. बाकीच्या खंड्यांच्या पायाला चार, याला तीन. रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून निवडून आलाय हा, पठ्ठ्या भाग्यवान.

आबाजी
आमच्या लहानपणी ग्रुप नव्हते, पिन नव्हती आणि पक्षीही भरपूर होते. मी तर म्हणतो फोनच नेऊ नये रानात. एक वही आणि पेन्सिल पुरे.

कडेलोट
अकरा ग्रुपांवर कोण आहे म्हणालात?

परसदार
भांडू नका. आज सकाळची गोष्ट ऐका. सहाला वहाळाच्या बाजूने माणसांचे आवाज आले. बघते तर दोन गाड्या, पाच जण, तिकाटण्या लावून. एकाने माझ्या हळदीच्या वाफ्यात पाय रोवलेला. दुसरा दरडीवरचा करटोलीचा वेल बाजूला ओढत होता. 'काकी, पाच मिनिटं,' म्हणाला. मी विचारलं, पत्ता कोणी दिला? म्हणाला, ग्रुपवर आला होता. कुठला ग्रुप, तर मी नाव ऐकलेला नाही असा. म्हणजे माझी पिन तिथून आणखी कुठे कुठे गेली. मी सासऱ्यांची काठी घेऊन उभी राहिले तेव्हा गेले. पाखरू दोन तास आलं नाही. साडेआठला आलं. मी तोवर चहासुद्धा घेतला नाही.

रानभूल
आलं ना? मग ठीक आहे. आता ऐका. त्या बाजूला तुम्हीही जाऊ नका, खिडकीतून बघा. बिळासमोर फांद्या रोवून आडोसा करायला जाऊ नका, जायची-यायची वाट अडते. वेल जसा होता तसा फक्त सोडून द्या. पुन्हा कोणी आलं तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि वनविभागाला 1926 वर फोन करा. तो पिनचा मेसेज तुमच्या हातून पुसता येणार नाही आता, पण ॲडमिनने फोटोबरोबर तोही काढला असेल.

लेन्सवेडा
खिडकीतून काढायचं असेल तर किमान 400 मिमीची लेन्स लागेल. काचेला लेन्स टेकवून ठेवली की प्रतिबिंब येत नाही.

कडेलोट
धन्य आहे.

टेकडीवरचा
परत जायचं तर: ॲडमिनने काढलेल्याला लिंकवरून आत येता येत नाही, त्याने स्वतःच घ्यावं लागतं. म्हणून ॲडमिनलाच लिहा. बाकी सदस्यांना एकेकाला गाठून 'माझं काय चुकलं' विचारत सुटू नका, ते ॲडमिनच्या कानावर जातंच आणि मग कायमचं दार बंद. तुम्हाला आत आणणाऱ्या बाईंनाही आधी कळवा, त्यांनी शब्द टाकला होता. मजकूर असा चालेल:
'नमस्कार. मी घरट्याचा फोटो आणि जागा टाकली, नियम वाचले नव्हते. आज सकाळी माणसं आली होती, त्यांना परत पाठवलं. घरटं सध्या चालू आहे. जागा विचारणारेही ग्रुपवर आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्यावं.'
एवढंच. 'मला का काढलं' हे नको.

आबाजी
शेवटचं वाक्य गाळा. नव्या माणसाने तक्रार करू नये.

कडेलोट
शेवटचं वाक्यच महत्त्वाचं आहे. अजिबात गाळू नका.

मैनाक
ठेवा, पण नाव घेऊ नका. ॲडमिनला बरोबर कळेल.

परसदार
पाठवलं. शेवटच्या वाक्यासकट. आत आणणाऱ्या बाई पहिल्यांदा रागावल्या, मग म्हणाल्या त्यांचीही अशीच एक चूक झाली होती, फक्त त्यांना वाचवायला कोणीतरी होतं.

परसदार
ॲडमिनचा फोन आला. तरुण मुलगा आहे, मला वाटलं कोणी म्हातारा खडूस असेल. म्हणाला, काकी, काढायच्या आधी फोन करायला हवा होता, पण पिन दिसली आणि हात थरथरले, गेल्या वर्षी एक घरटं असंच गेलं. 'लोकेशन?' वाल्याला काढलंय म्हणाला. मला पिल्लं उडाल्यावर घेणार, तोवर रोज खिडकीतून काय दिसतं ते वहीत लिहून ठेवा म्हणाला. रविवारच्या फेरीला मात्र या. मी विचारलं, माझं घर कुठे आहे ते तुम्हाला सांगू का, बघायला येता का? म्हणाला, मलासुद्धा सांगू नका.

आबाजी
वही आणि पेन्सिल! मी म्हणालो होतो.

सोनसळी
आठवलं की आजोळचं नाव लिहिते इथे.

लेन्सवेडा
फेरीला जाताना लेन्स न्याल ना? पाऊस असेल, कव्हर विसरू नका.