मदत हवी आहे: शांगकालीन ‘ज्वे’ पिण्याचं भांडं की ओतण्याचं?

प्राचीन चीनवरच्या छोट्या प्रदर्शनासाठी फलक लिहितेय आणि ‘ज्वे’पाशी अडकलेय. हे चीनच्या शांग राजवटीच्या काळातलं (सुमारे इ.स.पू. १६०० ते १०४६) ब्राँझचं मद्यपात्र: तीन टोकदार पाय, पुढे पन्हळीसारखी लांब चोच, मागे शेपटी, बाजूला मूठ आणि चोचीच्या मुळाशी काठावर टोपीवाल्या दोन उभ्या खुंट्या. शांगांची राजधानी असलेल्या आन्यांगला १९७६ मध्ये सापडलेल्या शांग राणी फू हाओच्या थडग्यात अशी पात्रं ढिगाने होती, त्यामुळे विधीतलं त्यांचं महत्त्व स्पष्ट आहे.

बहुतेक ठिकाणी नुसतं ‘प्यायचा पेला’ लिहिलेलं मिळतं. मला ते पटत नाही. तोंडाला लावलं तर खुंट्या चेहऱ्याला टोचतील. शिवाय काही पात्रांच्या बुडाला काजळी आढळली आहे, म्हणजे मद्य गरम करून ओतत असावेत. खुंट्या तापलेलं पात्र उचलायला की गाळणीचं कापड अडकवायला, दोन्ही तर्क वाचले. पुरावा कुणीच देत नाही.

संग्रहालयांच्या वेबसाइट पाहून झाल्यात. चिनी वाचता येत नाही, इंग्रजी किंवा हिंदी चालेल. खुंट्यांवरची झीज किंवा आतले अवशेष कुणी प्रत्यक्ष तपासलेत का, आणि ते कुठे वाचायला मिळेल?