स्विफ्ट लोअर करायची तर स्प्रिंगसोबत शॉक्सही बदलायलाच हवेत का?

घाटवळण
२०१८ नंतरच्या स्विफ्टसाठी ३० ते ४० मिमी खाली बसवणारे स्प्रिंग सहज मिळतात. बरेचजण ते मूळच्या शॉक्सवरच (स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) चढवतात, कारण खर्च निम्म्याहून कमी होतो. माझ्या मते ही बचत खोटी आहे.

हिशोब साधा आहे. समजा उभ्या गाडीत पुढचं चाक बंपस्टॉपला (प्रवासाच्या टोकाचा रबरी अडथळा) टेकेपर्यंत ८० मिमी वर जाऊ शकतं. गाडी ४० मिमी खाली केली की उरले ४०. स्प्रिंग जी ऊर्जा साठवते ती दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे खड्ड्याचा तोच दणका निम्म्या अंतरात जिरवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. हे स्प्रिंग कडक असतात फार तर २०-३० टक्के. उरलेला दणका बंपस्टॉप घेतो, मग स्ट्रट माउंट (पुढची स्प्रिंग-शॉकची जोडी, म्हणजे स्ट्रट, बॉडीला जिथे बसते ते), आणि शेवटी बॉडी. "लोअर केल्यावर शॉक्स लवकर गळतात" म्हणतात ते याचमुळे. स्प्रिंग आणि शॉक्स जोडीनेच घ्या, नाहीतर गाडी आहे तशी राहू द्या.

टॉर्करेंच
हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. चाकाचा वर-खाली प्रवास कमी पडतो हा मुद्दा शॉक्स बदलून सुटत नाही. नवा शॉकही मूळच्याच लांबीचा असेल तर उरलेले ४० मिमी ४०च राहणार. तुमच्या गणितातून सिद्ध होतं ते एवढंच की ४० मिमी खाली करू नका.

आता डॅम्पिंग, म्हणजे शॉकची उसळी शमवण्याची ताकद. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर उसळी तितकीच काबूत ठेवायला डॅम्पिंग ३० टक्के नाही, साधारण १४ टक्के जास्त लागतं, कारण ते कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतं. २०-२५ मिमी लोअरिंग आणि १५-२० टक्के कडक स्प्रिंग असेल तर कमी धावलेले मूळचे शॉक्स ते पेलतात. ६०-७० हजार किलोमीटर झालेल्या शॉक्सवर नवे स्प्रिंग चढवायचे आणि गाडी डुलायला लागली की दोष स्प्रिंगला द्यायचा, हे मात्र बंद व्हायला हवं.

घाटवळण
लांबीचा मुद्दा मान्य, मी तो नीट मांडला नव्हता. म्हणूनच लोअरिंगसाठी वेगळे, आखूड बॉडीचे शॉक्स बनतात. बिल्स्टीनच्या मालिकेत बी६ मूळच्या उंचीसाठी आहे आणि बी८ आखूड, लोअरिंग स्प्रिंगसाठी. नळी आखूड असल्यामुळे हरवलेला प्रवास काही अंशी परत मिळतो.

पण मागच्या चाकांचं काय? स्विफ्टला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी तुळई) आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. चाक पूर्ण लटकलं की बीम किती खाली जाईल हे शॉकची लांबी ठरवते. मूळचा लांब शॉक आणि आखूड स्प्रिंग असेल तर गाडी जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग सैल पडते, रबरी सीटवरून (स्प्रिंगची बैठक) सरकते आणि चाक खाली येताना वाकडी बसू शकते. मोठ्या खड्ड्यावरून मागचं चाक उचललं गेलं तरी तेच. इथे १४ टक्क्यांचा हिशोब कामाचा नाही.

पाना१९
मागच्या स्प्रिंगबद्दल घाटवळण यांच्याशी पूर्ण सहमत. घेण्याआधी मोकळ्या स्प्रिंगची लांबी आणि शॉक पूर्ण उघडलेला असताना दोन सीटमधलं अंतर मोजा. स्प्रिंग त्यापेक्षा जास्त लांब नसेल तर ते किट परत करा.

बाकी, निम्म्या तक्रारी बसवण्यातल्या चुकांच्या असतात. गाडी जॅकवर ठेवून काम करू नका, स्टँड लावा. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटवरून आधी सोडवा, मग लिंक रॉड, मग नकलचे (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन बोल्ट. बोल्ट काढण्याआधी नकलवर खूण करा, नाहीतर कॅम्बर (चाक आत-बाहेर कलण्याचा कोन) कुठे होता ते कळणार नाही. स्ट्रट बाहेर आला की स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर दोन बाजूंनी लावा आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं आळीपाळीने दाबा. स्प्रिंग वरच्या सीटवर सैल झाल्याशिवाय मधल्या नटला हात लावायचा नाही. तो नट आधी सुटला तर माउंट तोंडावर येतो, माणूस जायबंदी होतो. बसवताना त्या नटवर इम्पॅक्ट गन नको, आत रॉड गरगर फिरतो आणि सील जातं. स्प्रिंगचं टोक सीटच्या खाचेला टेकलंच पाहिजे. माउंटचं बेअरिंग त्याच वेळी बदला, उघडण्याची मजुरी दोनदा पडत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. लोअर आर्मच्या (चाक खालून धरणारा दांडा) रबरी बुशचे बोल्ट सैल करा आणि गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो, काही महिन्यांत फाटतो आणि मग "लोअरिंगमुळे आवाज येतो" म्हणतात.

स्प्रिंग कापणं किंवा गॅसने तापवून बसवणं, दोन्ही सरळ नाही म्हणा. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते खरी, पण टोक सीटमध्ये बसत नाही. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणीच उतरतं, पुढे ती बसत जाते किंवा तुटते.

सरळमार्गी
मुळात लोअर का करायची? गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. त्यातले ३५ गेले. मागच्या प्रत्येक चाकावर ७५ किलो वाढले की स्प्रिंग आणखी साडेतीन-चार सेंटीमीटर दबते. आता सायलेन्सर वाचवा.

वळणावर झुकणं कमी होईल म्हणाल, तर मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्विफ्टच्या पुढच्या चाकांची रचना) गाडी खाली केली की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. झुकवणारा हात, म्हणजे या दोन्हींतलं अंतर, लांब होतो आणि स्प्रिंगचा वाढलेला कडकपणा त्यातच खर्ची पडतो. उंची तशीच ठेवून चांगले शॉक्स आणि चांगले टायर घ्या, घाटात फरक त्यानेच पडेल.

टॉर्करेंच
रोल सेंटरचा मुद्दा ४० मिमीला लागू, २० ला नगण्य. आणि स्पीड ब्रेकरचं गणितही करू. आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसचे ब्रेकरबद्दलचे निकष) प्रमाणे गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिमी, म्हणजे चारही चाकं ब्रेकरवरच असतात आणि पोटाखाली त्याचा उंचवटा येतो फक्त ४४ मिमी. नियमाप्रमाणे बांधलेल्या ब्रेकरवर १३० मिमीची गाडीही घासणार नाही.

सरळमार्गी
आणि सोसायटीबाहेर ६० सेंमी रुंदीत १५ सेंमी उंच डांबर ओतलंय, त्याचं काय? तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे अख्खा मावतो, ४४ नाही, पूर्ण १५० मिमी पोटाखाली येतात. आपल्याकडे गाडी त्याच्यावरूनच न्यावी लागते.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाने दिलेल्या रचनेत बदल करण्यावर बंधन आहे आणि कलम १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो तो वेगळाच.

पाना१९
ज्यांनी केलंच आहे त्यांनी अलाइनमेंट दोनदा करा. बसवल्यावर लगेच एकदा, आणि ५००-७०० किलोमीटरने स्प्रिंग बसल्यावर पुन्हा. टायर आतून खातो तेव्हा सगळे कॅम्बरला दोष देतात, पण थोडा निगेटिव्ह कॅम्बर टायर सहज सोसतो, चुकलेला टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळल्याचा कोन) सोसत नाही. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलला की टो हलतोच. मागच्या बीमला टो-कॅम्बर जुळवायची सोय नसते, तिथे फक्त मोजून घ्या. जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीत मागच्या बीमला जोडलेला भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा वॉल्व्ह असेल तर त्याचा दांडाही नव्या उंचीला जुळवा. नाहीतर वॉल्व्हला गाडी भरलेली वाटते, मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात.

घाटवळण
हा वॉल्व्हचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. धाग्यातली माझी भूमिका थोडी बदलतो: २५ मिमीपर्यंत, शॉक्स नवे असतील आणि मागची स्प्रिंग लटकल्यावर सैल पडत नसेल, तर मूळचे शॉक्स चालतील. त्याहून जास्त खाली आखूड शॉक्सशिवाय नको, यावर मी अजूनही ठाम आहे.