अननसाचा डबा मोठ्यानेच वाचा

विनोदी पुस्तक चारचौघांत वाचलं की फिकं पडतं, असं काहींना वाटतं. छे! इंग्रज विनोदी लेखक जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) घ्या, तीन मित्रांच्या थेम्स नदीवरच्या होडीसहलीचं. अननसाचा डबा आहे, ओपनर नाही. चाकू मोडतो, कात्री डोळ्यापर्यंत उडते, मग दगड आणि चक्क होडीची डोलकाठी! भूमितीतले सगळे आकार होतात, भोक काही पडत नाही. आमच्याकडे वाचणारीलाच हसू आवरेना, पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलं. मधली इतिहासाची पानं मात्र खुशाल गाळा (मुळात थेम्सवर गंभीर पुस्तक लिहायचं होतं म्हणे त्याला, त्याचे अवशेष!). पुढच्या वेळी याच पुस्तकातले पॉजरकाका भिंतीवर तसबीर टांगतात, तो प्रसंग वाचूया? त्यांच्या आरडाओरड्याला खणखणीत आवाजाचं कोण आहे?